लघु नसलेली शंका

मी चौतीस वर्षं शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं. या काळात माझ्यासमोर किती करंगळ्या वर झाल्या असतील, याचा हिशेब एकदा रिकामपणी मांडला. दिवसाला सहा तास, तासाला दोन करंगळ्या, वर्षाला दोनशेवीस दिवस. उत्तर आलं ८९,७६०. त्यातल्या निम्म्यांना तरी मी "बस खाली, आत्ताच तर मधली सुट्टी झाली" म्हणून बसवलं असणार. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी माझ्याच पोटात, बेंबीखाली चार बोटांवर, एक विद्यार्थी येऊन बसला आणि त्यानं करंगळी वर केली. ती त्यानं खाली घेतलीच नाही.

शाळेत या कामाला एकी म्हणतात. त्याआधीच्या वयात शू, नंतर लघवी, पाहुण्यांच्या देखत "जरा जाऊन येतो", आणि अगदीच अध्यक्षीय प्रसंग असेल तर लघुशंका. हा शेवटचा शब्द मी सोवळ्यातला म्हणून कायम बाजूला ठेवला होता. आता वाटतं, ज्यानं तो घडवला त्याला हाच आजार असला पाहिजे. त्यानं गरज म्हटलं नाही, कर्म म्हटलं नाही, शंका म्हटलं. घरातून निघण्याआधी एकदा जाऊन यावं का, ही शंका. जाऊन आल्यावर, नीट झाली ना, ही शंका. लिफ्ट खाली पोचली की पुन्हा वर जावं का, ही शंका. फक्त 'लघु' हे विशेषण त्यानं कुठल्या भरवशावर लावलं, ते उलगडत नाही.

सुरुवात कुलपापासून झाली. भाजी घेऊन दोन जिने चढेपर्यंत आत सगळं शांत असायचं. किल्ली कुलपात गेली रे गेली, की असा लोट यायचा की किल्ली उलटी फिरायची, पिशवी सुटायची आणि बटाटे जिन्यावरून पहिल्या मजल्यावरच्यांना भेटायला जायचे. पुढे पुढे कुलूपसुद्धा लागेना. आमच्या इमारतीचा रंग दिसला तरी पुरे. मग नळाची पाळी आली. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी नळ सोडला की मी खुर्चीवरून उठायचो. महिनाभरानं त्यांनी बायकोला विचारलं, "काकांचं माझ्यावर काही आहे का? मी आले की उठून जातात."

रात्री तीनदा उठणं होतंच. एक वीस, तीन दहा, पावणेपाच. पावणेपाचला दूधवाल्याची आणि माझी खिडकीतून नजरभेट व्हायची. दोघेही आपापल्या कामावर.

या काळात माझा पुण्याचा भूगोल नव्यानं पक्का झाला. लोक पत्ता सांगताना देवळाची खूण सांगतात. माझ्या डोक्यातल्या नकाशात देवळं पुसली गेली आणि स्वच्छतागृहं उमटली. कुठल्या साड्यांच्या दुकानात ते तिसऱ्या मजल्यावर परकर विभागाच्या मागे आहे, कुठल्या वाचनालयात सभासद नसलेल्याला हटकत नाहीत, कुठे एक रुपया सुटा लागतो, सगळं तोंडपाठ. नुसतं घुसून, काम उरकून बाहेर पडणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे काहीतरी घ्यावं लागे. वर्षभरात घरात अकरा टॉवेल, चार चष्म्यांची घरं आणि एक नऊवारी पातळ आलं. पातळावरून बायकोला संशय आला. आमच्या घरात नऊवारी कुणीच नेसत नाही.

मुंबईला जायचं तर बस बाद. घाटात गाडी अडकली की पुढे डोंगर, मागे ट्रक आणि आत मी. रेल्वे बरी, पण मुंबईत उतरल्यावर लोकल, आणि लोकलला सगळं आहे, हेच नाही. भाच्याच्या लग्नाला डोंबिवलीला गेलो तेव्हा दादरपासून मी अंगात आल्यासारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होतो. एका सज्जन गृहस्थांनी उठून जागा दिली. त्यांना कसं सांगणार की बसलं की आणखी दाब येतो?

पंगतीत तर सगळ्यात कठीण. सगळ्यांचं ताकभात होईपर्यंत उठू नये, ही लहानपणची शिकवण. तिथं मला नेहमी टायको ब्राहे आठवतो. नववीच्या मुलांना मी त्याच्याबद्दल सांगत असे. दुर्बीण नसताना नुसत्या डोळ्यांनी ग्रहांची मापं घेणारा हा थोर माणूस १६०१ च्या ऑक्टोबरात प्रागमध्ये एका मेजवानीला बसला. यजमानांच्या आधी उठणं शिष्टाचाराला धरून नव्हतं, म्हणून तो दाबून बसून राहिला. घरी आल्यावर लघवी होईना, आणि अकरा दिवसांत गेला. हे त्याच्या हाताखालच्या केप्लरनं लिहून ठेवलं. पुढे लोकांना पाऱ्याच्या विषप्रयोगाची शंका आली, म्हणून २०१० मध्ये त्याचं थडगं उघडलं, तपासण्या केल्या, आणि पारा निर्दोष सुटला. पंगतीच्या शिस्तीवर मात्र कुणी खटला भरला नाही.

संध्याकाळच्या कट्ट्यावर मी हे बोललो नाही, पण कट्ट्याला न सांगताच कळतं. एकानं तीळ-गूळ सांगितला. दुसऱ्यानं "साखर तपासा" म्हटलं, तिसऱ्यानं "प्रोस्टेटच, माझंही तसंच झालं" असं म्हणून स्वतःच्या शस्त्रक्रियेचे तीन अंक ऐकवले. आमच्याकडे एक निवृत्त वैद्य आहेत. ते म्हणाले, "काही झालं तरी अडवू नका." चरकसंहितेत एक अध्यायच आहे म्हणे, नवेगान्धारणीय नावाचा. शरीराचे तेरा वेग अडवू नयेत, असं त्यात सांगितलंय. शिंक, जांभई, ढेकर, भूक, तहान, अश्रू वगैरे, आणि यादीत पहिलं आमचंच. हे ऐकून मला धर्मग्रंथाचा आधार मिळाल्यासारखं झालं. तेव्हापासून मी वेगाची वाटसुद्धा बघेनासा झालो. शंका आली न आली की गेलोच.

शेवटी बायकोनं मूत्रविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. आत गेलो तर समोर पस्तिशीच्या डॉक्टर. माझ्या धाकट्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या असतील. "काय त्रास होतोय, काका?" मी म्हटलं, "तसं काही नाही, हवा जरा दमट आहे." बायको म्हणाली, "अहो, हवा काय? डॉक्टर, हे दिवसातून सोळा वेळा जातात, रात्री तीनदा. परवा किल्ली फिरवता फिरवता थोडं कपड्यातच झालं, ते मला दिसलं नाही असं यांना वाटतंय." मी भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र अत्यंत बारकाईनं पाहू लागलो.

डॉक्टरांनी हसू न आणता प्रश्न विचारले. जळजळ होते का, ताप येतो का, लघवीतून कधी रक्त गेलं का, धार बारीक झालीय का, चहा किती, पाणी किती, रक्तदाबाची कुठली गोळी, बद्धकोष्ठ आहे का. मग लघवीची तपासणी, साखर, प्रोस्टेटसाठी पीएसए, सोनोग्राफी, आणि एक खास परीक्षा, युरोफ्लोमेट्री.

या परीक्षेचं वर्णन करायला हवं. पाणी पिऊन बसायचं, चांगली लागली की आत जायचं आणि एका नरसाळ्यात करायची. खाली यंत्र धारेचा आलेख काढतं. गणिताच्या मास्तराला आयुष्याच्या संध्याकाळी स्वतःचा आलेख! मी दीड लिटर पाणी प्यायलो. बाहेर बसल्या बसल्या दोनदा पळायची वेळ आली, सिस्टरनी दोनदा "थांबा हो" म्हटलं. शेवटी आत सोडलं, दार लावलं, नरसाळ्यासमोर उभा राहिलो, आणि काही नाही. वर्षभर दर पाऊण तासाला वर्ग डोक्यावर घेणारा पोरगा इन्स्पेक्टर आल्यावर मुका झाला. सिस्टर बाहेरून म्हणाल्या, "आजोबा, नळ सोडू का?" आमच्या मावशींची युक्ती इथंही चालत होती. नळ सुटला आणि आलेखही निघाला.

इथं एक आठवलं. अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या मंडळींनी प्राणिसंग्रहालयात घड्याळ लावून मोजलं होतं. तीन किलोच्या वर वजनाचा कुठलाही सस्तन प्राणी, कुत्रा असो की हत्ती, मूत्राशय रिकामं करायला साधारण २१ सेकंद घेतो. त्यांना त्याबद्दल २०१५ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं जे असतं ते. मी घरी मोजलं. सहा सेकंद. हत्तीच्या निम्म्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हतो. पण का, ते तेव्हा उमगलं नाही.

अहवाल चांगले आले. जंतू नाहीत, साखर नाही, प्रोस्टेट वयाच्या मानानं गुणी, आणि करून झाल्यावर आत शिल्लक नगण्य. "तुमचं ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर आहे," डॉक्टर म्हणाल्या. चौतीस वर्षं ॲक्टिव्ह विद्यार्थी चांगला असं सांगत आलो, आणि आता हे.

त्यांनी समजावलं ते असं. मूत्राशय म्हणजे स्नायूची पिशवी. चारशे-पाचशे मिलिलिटर तिला सहज झेपतं. अर्धीही भरायच्या आत ती मेंदूला पहिली वर्दी देते, मेंदू म्हणतो, ऐकलं, बस. तान्ह्या बाळाला हे 'बस' म्हणता येत नाही. दोन-तीन वर्षांचं झालं की येतं, आणि मग आपण जन्मभर ते गृहीत धरतो. माझ्या बाबतीत पिशवीचा स्नायू, त्याला डिट्रुसर म्हणतात, तो भरायच्या आधीच आवळायला लागला होता. आणि मी दर वेळी त्याचं ऐकून त्याला आणखी शेफारवून ठेवलं होतं. कधी मेंदूच्या वा मज्जातंतूच्या आजारानं असं होतं, बायकांत पाळी गेल्यानंतर वाढतं, आणि बऱ्याचदा कारण सापडतच नाही. "पण वय झालं, चालायचंच, असं म्हणून सोडून द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. मी चरक काढला. तेरा वेग. त्या म्हणाल्या, "काका, वेग असेल तर अडवू नकाच. पण हा वेग नाही, ही अफवा आहे. खरं-खोटं करायला तीन दिवस वही लिहा."

वही म्हटल्यावर मी जिवंत झालो. चौकटीची वही आणली, समास आखला, रकाने पाडले. वेळ, काय प्यायलो, किती झाली, घाई किती. मोजायला स्वयंपाकघरातलं ताकाचं मापाचं भांडं उचललं, तेव्हा बायकोनं लाटणं न उचलताही लाटण्याचा परिणाम साधला. मग प्लॅस्टिकचा खुणांचा मग विकत आणला आणि बाथरूममध्ये त्यावर लाल अक्षरात नाव घातलं, पाहुण्यांनी दात घासू नयेत म्हणून.

तीन दिवसांनी वही उघडली आणि माझी मान खाली गेली. ९० मिलिलिटर. ११०. ७०. एकदा ४५! पंचेचाळीस मिलिलिटरसाठी मी सोसायटीच्या वार्षिक सभेतून, ऐन देखभाल खर्चाच्या विषयावर, उठून गेलो होतो. चव्वेचाळीस सीटांची एसटी सहा माणसं घेऊन डेपोतून सुटावी आणि कंडक्टरनं दर अर्ध्या तासानं डबल बेल मारावी, असा कारभार चालला होता. सहा सेकंदांचंही कोडं सुटलं. हत्ती भरल्याशिवाय जात नाही.

चहाच्या रकान्यात मी दोन लिहिले होते. बायकोनं शेजारी हिरव्या पेनानं नऊ केले. आमच्याकडे अर्धा चहा हा चहा धरत नाहीत. सकाळचा मोजायचा, दुपारचा मोजायचा, मधले पेपरबरोबरचा अर्धा, वैद्यांकडचा अर्धा, कट्ट्यावरचं कटिंग, पाहुण्यांना सोबत म्हणून घेतलेला घोट, हे सगळे हिशेबाबाहेर. पण कॅफिनला पेल्याचा आकार कळत नाही. ते लघवी वाढवतं आणि पिशवीलाही डिवचतं. पाण्याच्या रकान्यात उलटा घोळ होता. त्रास नको म्हणून मी पाणी जवळजवळ बंद केलं होतं, त्यानं लघवी दाट होऊन पिशवीला आणखी झोंबत होती. म्हणजे चहा कमी, पाणी दिवसभर बेतानं, आणि संध्याकाळनंतर हात आखडता. नऊवरून तीनवर येताना माझं डोकं चार दिवस दुखलं. कट्ट्यावर मी कटिंग नाकारलं तेव्हा दोघांनी घरी सगळं ठीक आहे ना, असं हलक्या आवाजात विचारलं.

मग खरी शाळा सुरू झाली. वेळापत्रक. आधी दर तासानं जायचं, लागो न लागो. ते जमलं की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची. मधेच करंगळी वर झाली तर पळायचं नाही. पळालं की तो जिंकला. जागच्या जागी थांबायचं, जमलं तर बसायचं, ओटीपोटाच्या तळचा स्नायू पाच-सहा वेळा झटकन आवळून सोडायचा, आणि मन दुसरीकडे गुंतवायचं. लोट ओसरतो, मग सावकाश चालत जायचं. मन कशात गुंतवू म्हटलं तर डॉक्टर म्हणाल्या, "शंभरातून सात वजा करत जा." मला हे फारच सोपं होतं, पिशवीचं लक्ष विचलित व्हायच्या आत मी दोनवर येऊन थांबायचो. म्हणून मी आजोबांनी घोकून घेतलेली औटकी काढली. साडेतीनचा पाढा. पहिल्या दिवशी कुलपासमोर डोळे मिटून उभा राहिलो. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. साडेचोविसाला काही तरी सैल झालं. घाबरू नका, लोट सैल झाला. पस्तिसाला मी किल्ली सरळ लावून, चप्पल कोपऱ्यात ठेवून, बटाट्यांसकट घरात गेलो. समोरच्या काकूंनी मात्र दाराशी डोळे मिटून पुटपुटणारा मी पाहिला आणि बायकोला विचारलं, "यांनी अनुग्रह घेतला का?"

तो तळचा स्नायू आवळायचा व्यायाम आर्नल्ड केगेल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ मध्ये मांडला, बाळंतपणानंतर बायकांसाठी. पुरुषांनाही तो स्नायू असतो, ही बातमी मला त्रेसष्टाव्या वर्षी मिळाली. वारा अडवताना जो आवळतो तोच. पोट नाही, मांड्या नाही, श्वास रोखायचा नाही. पाच सेकंद आवळा, पाच सेकंद सोडा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. गंमत अशी की बाहेरून काहीही दिसत नाही, म्हणून कुठेही करता येतो. माझ्या बाबतीत मात्र भुवया वर जायच्या. सत्यनारायणाच्या कथेत मी दहा आवर्तनं केली आणि गुरुजींना वाटलं, या यजमानांना प्रत्येक वाक्यावर आक्षेप आहे.

गोळीही दिली होती. पहिल्या गोळीनं पिशवी शांत झाली, पण तोंडाला कोरड पडली; कोरड म्हणून पाणी, पाणी म्हणून पुन्हा पिशवी. शिवाय पोट साफ होईना, म्हणजे एकी सुटली आणि दुई अडली. त्या जातीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीवरही परिणाम होऊ शकतो, असं सांगून डॉक्टरांनी दुसऱ्या जातीची दिली, मिराबेग्रॉन. तिच्यासोबत रक्तदाबावर लक्ष ठेवायचं. एवढ्यानं भागलं नाही तर पुढचेही मार्ग आहेत. घोट्याजवळ बारीक सुई टोचून मज्जातंतूला हलका विजेचा झटका, अर्धा तास, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. करंगळी वर करणाऱ्याला पायावर फटका, ही आमच्याच काळातली पद्धत. किंवा मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं, ज्यांचा असर काही महिने टिकतो. बोटॉक्स म्हणताच मी म्हटलं, आतल्या सुरकुत्या कोण बघतंय? डॉक्टर पहिल्यांदा हसल्या.

घरी येताना रिक्षात मी बायकोला कौतुकानं सांगत होतो की बघ, तासभर थांबायला शिकलो. ती म्हणाली, "अहो, मी तीस वर्षं नोकरी केली. सकाळी सातच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी सातला घरी. ऑफिसातल्या त्या खोलीला कडी नव्हती आणि स्टँडवरच्या ठिकाणी जाववत नव्हतं. मी सकाळचं पाणीच प्यायचे नाही. आम्ही सगळ्या तशाच. त्यावर कुणी वही दिली नाही." मी गप्प बसलो. मुंबईत २०११ मध्ये बायकांनी 'राइट टू पी' म्हणून चळवळ उभी केली, पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे हा कुठला न्याय, असं विचारत. ते मी पेपरात वाचलं होतं आणि नावावर हसलो होतो, हेही मला त्याच रिक्षात आठवलं. दुसऱ्या दिवशी बायकोच्या नावानं दुसरी वही आखली. तिच्या वहीत उलटा घोळ निघाला: सहा-सहा तास काहीच नाही. एका घरात दोन वह्या, एक अति हजर, एक कायम गैरहजर.

पाच महिने झाले. आता दिवसाला आठ, रात्री एकदा, आणि त्यामुळे दूधवाला मला विसरला. अडीच तास निघतात. कधी तरी नळ ऐकून तो पोरगा अजून अर्धी करंगळी उचलतो, पण नजरेनं बसतो.

गेल्या रविवारी धीर करून नाटकाला गेलो. तिकीट काढताना सवयीनं कडेची खुर्ची मागितली, मग मधली घेतली. पहिला अंक सव्वा तासाचा. मध्यंतराला दिवे लागले आणि सगळं थिएटर उठलं. बायकांची रांग बटाटेवड्याच्या काउंटरपर्यंत आली होती, तिच्यात बायको पर्स माझ्याकडे देऊन उभी राहिली. पुरुषांच्या रांगेत मी पर्ससह सहावा होतो. माझ्या पुढचा टक्कल पडलेला, भरगच्च मिशांचा गृहस्थ पायावरून पायावर झुलत होता. ती झुलण्याची लय मला परिचयाची वाटली, म्हणून पाहत राहिलो, तर तो वळला.

"सर! सातवी ब. तिसरा बाक."

ओळखलं. एका पावसाळी दुपारी, अपूर्णांक चालू असताना, त्यानं तीनदा करंगळी दाखवली होती. मी तीनदा बसवलं होतं. चौथ्यांदा दाखवली नाही, आणि मग बाकाखालून ओघळ आला, आणि वर्ग हसला. मी काय केलं होतं ते मला आठवतं. फळ्याकडे वळून पुढचं उदाहरण घातलं होतं.

"सर, तुम्ही व्हा पुढे," तो बाजूला सरत म्हणाला. घाम त्याच्या कपाळावर दिसत होता.

"नाही नाही, मला घाई नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी दोन वर्षांत पहिल्यांदा खरं बोलत होतो.

आतून एकजण बाहेर आला, पुढची जागा मोकळी झाली. तो तरीही हलेना. मग पन्नाशीच्या त्या माणसानं खांद्याजवळ हात नेऊन करंगळी वर केली.

"मग सर... जाऊ?"

"जा," मी म्हटलं.